लिंबू-मधाची थाप

‘काय करतेस गं तू? आम्हालापण सांग की!’

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला किती जणींनी विचारला असेल, याची मोजदाद नाही. हळदीकुंकवाला, भिशीत, शाळेच्या फाटकापाशी, भाजीच्या गाडीवर. माझं उत्तर ठरलेलं. ‘काही नाही गं, सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेते आणि भगवंताच्या देवळापर्यंत चालत जाऊन येते.’ यातलं चालणं खरं होतं. लिंबू-मध मात्र मी घेतच नव्हते. दहा वर्षं मधुमेह असलेली बाई मध कशाला चाटत बसेल, हेसुद्धा कुणाच्या डोक्यात आलं नाही. खरी गोष्ट अशी की, २०२२च्या मार्चमध्ये पुण्याला जाऊन मी वजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं.

ही थाप मारायचं कसं ठरलं, ते आधी सांगते. बार्शीसारख्या गावात चार दिवस घराला कुलूप दिसलं तरी पाचव्या दिवशी चौकशी होते. त्यामुळे ऑपरेशनची तारीख मिळायच्या आधीच गावाला काय सांगायचं हे आमच्या घरात पक्कं झालं होतं. पित्ताशयात खडे झालेत, दुर्बिणीतून काढायचेत. कल्पना सासूबाईंची. त्या म्हणाल्या, ‘खडे म्हटलं की कुणी हसत नाही.’ (गंमत म्हणजे वजन झपाट्याने उतरताना पित्ताचे खडे खरोखरच होऊ शकतात. ते होऊ नयेत म्हणून मला सहा महिने गोळी होती. थाप खरी व्हायला वेळ लागला नसता!)

सासूबाईंचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माणसं कशाला हसतात? पाय मोडला तर हसत नाहीत, हृदयाचं ऑपरेशन झालं तर डबे घेऊन भेटायला येतात. पण वजनासाठी ऑपरेशन केलं म्हटलं की लगेच ‘खाण्यावर ताबा नाही, पैसा जास्त झालाय, कष्ट नकोत, म्हणून पोट कापून घेतलं’. २०११ साली नितीन गडकरींनी असं ऑपरेशन करून घेतलं, २०१४ साली अरुण जेटलींनी. दोन्ही वेळा पेपरात बातम्या आल्या. त्यांना कुणी आळशी म्हणाल्याचं मी तरी ऐकलं नाही. आळशीपणा बाईच्याच वाट्याला येतो. तोही पहाटे पाचला उठून रात्री अकराला ओटा पुसणाऱ्या बाईच्या.

माझं वजन १०८ किलो होतं आणि उंची पाच फूट एक इंच. मी स्वतःला ‘अंगाने भरलेली’ समजत होते. डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. उत्तर आलं ४५. त्याला बीएमआय म्हणतात. ४०च्या पुढे, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३५च्या पुढे ऑपरेशनचा विचार करायचा, असं पूर्वी धरत. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी हे आकडे ३५ आणि ३० वर आणले. आपल्यासारख्या आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून आपल्यासाठी ते त्याहूनही खाली धरतात. विम्याचं गणित मात्र वेगळं. २०१९ साली विमा नियामकाने घालून दिलेल्या अटींमध्ये ४० आणि ३५ हेच आकडे आहेत. म्हणून पॉलिसीचा कागद आधी वाचावा, मग पुण्याची गाडी धरावी.

त्याआधी मी काय काय केलं नव्हतं? पावडरी झाल्या, काढे झाले, पोटाला बांधायचा पट्टा झाला, नुसती फळं खाऊन आठवडा काढून झाला. दहा किलो उतरायचे, बारा चढायचे. डॉक्टर म्हणाले, ‘यात तुमची चूक नाही. वजन उतरलं की शरीर घाबरतं आणि भूक वाढवून ते परत मिळवू पाहतं.’ ‘तुमची चूक नाही’ हे वाक्य वजनाच्या बाबतीत मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तिथेच खुर्चीत बसून रडले. यांना वाटलं, ऑपरेशनला घाबरले.

ऑपरेशन म्हणजे नेमकं काय, तेही सांगते, कारण लोकांना वाटतं चरबी कापून काढतात. तसं नाही. माझं बायपासचं झालं. जठराचा वरचा अगदी लहान भाग, जेमतेम ३० मिलिलिटर म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढा, वेगळा करतात आणि तो थेट लहान आतड्याला जोडतात. दुसरा प्रकार म्हणजे जठराचा तीन चतुर्थांश भाग काढून टाकायचा आणि केळ्यासारखी नळी ठेवायची. दोन्ही पोटावर चार-पाच भोकं पाडून दुर्बिणीतून होतं. कुणाला कुठलं करायचं, ते डॉक्टर ठरवतात.

पण टेबलावरचे ते दोन-तीन तास सगळ्यात सोपे. त्यात आपण झोपलेलेच असतो. खरं काम आधीचं आणि नंतरचं.

माझी तयारीच तीन महिने चालली. रक्त, थायरॉइड, बी १२, ड जीवनसत्त्व, पोटाची सोनोग्राफी, एंडोस्कोपी, हृदयाचा टूडी इको. रात्रभर नळ्या लावून झोपेची तपासणी केली तेव्हा कळलं की ज्याला घरात सगळे ‘आईचं घोरणं’ म्हणून हसत होते, त्यात माझा श्वास अधूनमधून थांबत होता. म्हणून ऑपरेशनच्या आधी काही आठवडे रात्री मास्कचं मशीन लावून झोपायला लावलं. श्वास ओढून तीन गोळ्या वर चढवायचं प्लॅस्टिकचं खेळणं दिलं, ते दिवसातून चारदा.

आणि मिश्री! ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मी ठणकावून ‘नाही’ म्हटलं. नर्सने माझ्या दातांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, ‘मिश्री?’ आपल्याकडे कितीतरी जणी मिश्री लावतात आणि ती तंबाखूत धरतच नाहीत. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, जोडलेल्या जागी अल्सर होण्याची भीती असते. ती कायमची सोडल्याशिवाय तारीख मिळणार नाही असं स्पष्ट सांगितलं. सांगायला लाज वाटते, पण भात सोडण्यापेक्षा मला मिश्री सोडणं जड गेलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी एक वही दिली. आठ दिवस जे तोंडात जाईल ते लिहायचं. मी जेवणं लिहिली आणि अभिमानाने नेली. दोनच पोळ्या, बघा! त्या म्हणाल्या, ‘आणि उभ्याने खाल्लेलं?’ परत आठ दिवस लिहिलं. धाकट्याच्या ताटातला उरलेला वरणभात, कढईच्या कडेचा शिरा, ‘टाकायचं कशाला’ म्हणून संपवलेली कालची भाजी, चहा गाळता गाळता दोन बिस्किटं. दोन पानं भरली. मी कधी पोटभर जेवायला बसत नव्हते आणि दिवसभर खात होते. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मला वाटलं, आता वेडबिड ठरवतात की काय. त्यांनी बरंच विचारलं, त्यातला एकच प्रश्न आठवतो. ‘घरात तुम्हाला कोण वाढतं?’

मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर मी तो प्रश्न रात्री सगळ्यांसमोर सांगितला. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलीने माझं ताट वाढायला सुरुवात केली. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढचे दिवस त्याच्यावरच निभावले.

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे नुसत्या पातळ पदार्थांवर काढायचे असतात. प्रोटीनची पावडर, भाज्यांचं गाळलेलं सूप, साय काढलेलं ताक. यकृतावर चरबी चढून ते फुगलेलं असतं आणि नेमकं जठरावर पसरलेलं असतं. या आहाराने ते आकसतं आणि सर्जनला हात घालायला जागा मिळते. कारण पटतं हो, पण माझ्या त्या पंधरा दिवसांत होळी आली! पुरण मीच शिजवलं, मीच वाटलं, पोळ्या मीच लाटल्या. आणि बोट चाटायचं नाही. संध्याकाळी मी सूपचा कप घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसले. आज वाटतं, मी तरी त्या वर्षी पुरण कशाला घातलं? एक वर्ष विकतच्या पोळ्या आणल्या असत्या तर होळी पेटली नसती का? पण घराला सांगायचं धाडस नव्हतं आणि घराला सुचलंही नाही.

ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी उठवून चालवलं. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. पोटात भरलेल्या हवेमुळे खांदे दुखत होते, ते दोन-तीन दिवसांत थांबलं. चौथ्या दिवशी सोडलं, पण पहिला आठवडा पुण्यातच राहायला सांगितलं, म्हणून भावाकडे राहिले. ताप, धाप, नाडी जलद होणं, वाढत जाणारी पोटदुखी, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठायचा. जोड गळण्याचा धोका क्वचितचा, पण तो असतो. तो नाही असं जो सांगेल त्या डॉक्टरकडे जाऊ नये, असं माझं मत आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी घरी आले. पाडव्याला सगळ्यांच्या ताटात श्रीखंड-पुरी आणि माझ्यासमोर औषधाच्या मापात ३० मिलिलिटर डाळीचं पाणी. तेही घोट घोट, अर्धा तास लावून. एक घोट जास्त झाला की छातीत दगड अडकल्यासारखं होई. दिवसभरात दीड लिटर पातळ पोटात जायला हवं, म्हणजे दिवसभर तेच काम. दोन आठवडे पातळ, मग महिन्यापर्यंत मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, दोन महिन्यांनी साधं जेवण. जेवताना पाणी नाही. आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. घास इतका चावायचा की तोंडातच त्याचं वरण झालं पाहिजे. सहा आठवडे जड उचलायचं नाही. नळाला पाणी आलं की हंडे-बादल्या यांनी भरल्या, ओलं धुणं मुलाने वाळत घातलं. पहिल्या दिवशी शर्ट बाहीला धरून टांगले होते. मी बघितलं आणि गप्प बसले.

सगळ्यात मोठी अडचण प्रोटीनची. दिवसाला निदान ६० ग्रॅम लागतात. आमचं घर माळकरी. पनीर, सोयाबीन, मूग, पावडर सगळं करूनही गाडी चाळीस-पंचेचाळीसवर अडायची. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळायला लागले. ते नंतर परत येतात, माझेही आले. पण तेव्हा फणी हातात घ्यायची भीती वाटे. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं, एवढंच मी एकदा जेवताना म्हणाले. आठ दिवसांनी मागच्या पडवीत एक जुनी शेगडी, एक पातेलं आणि एक ताटली आली. सासूबाईंनी ठेवली होती. ‘स्वयंपाकघरात आणू नकोस म्हणजे झालं.’ त्या वर्षी हरितालिकेला मी निर्जळी उपवास धरू शकणार नव्हते. इतक्या लहान पोटाला दिवसभर पाणी नाही म्हणजे सलाईनचीच वेळ. ‘तुझी मी धरते,’ म्हणाल्या. लोकांना भिऊन ‘खडे’ सुचवणाऱ्या याच सासूबाई. माणूस एका बाजूने कळत नाही.

वर्षभरात वजन ७४ वर आलं. आज ७६ आहे. साखरेच्या दोन गोळ्या बंद झाल्या, मास्कचं मशीन कपाटात गेलं. पोटाची आणि दंडाची कातडी लोंबते. तिचं कुणी आधी फारसं सांगत नाही.

आता थापेकडे येते. घराबाहेर कुणाला माहीत नाही म्हटल्यावर काय होतं बघा. मामेबहिणीच्या लग्नात पंगतीला ‘माझ्या हातची एक’ म्हणून मामीने जिलबी वाढली. नाही म्हणायला कारण नव्हतं. खाल्ली. पंधरा मिनिटांत घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा. बायपासनंतर गोड एकदम आतड्यात उतरतं, त्याचा हा प्रताप. मी कार्यालयाच्या बाथरूममध्ये आणि बाहेर कुजबुज, ‘एवढी वाळलीय, काहीतरी मोठं दुखणं दिसतंय.’ आयुष्यभर घ्यायच्या गोळ्या आहेत. बी १२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. पाहुण्यांत कुणाला दिसू नयेत म्हणून त्या कपाटात साड्यांखाली असायच्या, आणि जे दिसत नाही ते विसरतं. दीड वर्षाने तळपायाला मुंग्या यायला लागल्या. बी १२ तळाला गेलं होतं, इंजेक्शनं घ्यावी लागली. आणि कळस म्हणजे दाढ दुखली तेव्हा गावातल्या दातांच्या डॉक्टरांनासुद्धा मी सांगितलं नाही. त्यांनी नेहमीची वेदनाशामक गोळी दिली. बायपास झालेल्यांनी तसल्या गोळ्या टाळायच्या असतात, अल्सर होतो. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर असं झापलं की दाढदुखी विसरले. लेकीबाळींच्या वयाच्या मुलीने हे लपवलं तर आणखी कठीण. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ द्यायचे नसतात, आणि वजन उतरलं की थांबलेली पाळी सुरू होऊन दिवस लवकर राहू शकतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसाही धरता येत नाही. हे नवऱ्याला, डॉक्टरला सांगायचं नाही तर कुणाला?

पण हे सगळं माझं मी भोगलं. थापेची खरी किंमत दुसरीने मोजली.

आमच्या मागच्या गल्लीत एक जण आहे, तिला इथे नुसतं वहिनी म्हणते. तिने माझं लिंबू-मध मनावर घेतलं. लिंबू-मध, चालणं आणि एक वेळचं जेवण. सहा महिने! वजन दोन किलो उतरायचं, परत चढायचं. एके दिवशी पाणी भरताना चक्कर येऊन पडली. मी बघायला गेले तर तिचा नवरा तिच्यादेखत मला म्हणाला, ‘ताई, तुमचं उतरतं आणि हिचंच कसं उतरत नाही? चोरून खात असणार.’ वहिनी खाली मान घालून बसली होती. तिचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून स्वतःवरचा उडाला होता.

दुसऱ्या दिवशी तिला घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं. पोटावरच्या भोकांच्या खुणा दाखवल्या. तिने चहाचा कप अर्धा ठेवला आणि उठून गेली.

मी असं म्हणत नाही की प्रत्येकीने गावभर दवंडी पिटावी. शरीर आपलं, ऑपरेशन आपलं. पण घराला, औषध देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आणि ‘तू काय करतेस, मलाही करायचंय’ असं विचारणाऱ्या बाईला खरं सांगायला हवं, यावर मी आता ठाम आहे. नुसतं ‘सांगत नाही’ म्हटलं तरी चालेल. खोटं उपाय म्हणून देऊ नये. २०२५ पासून वजन उतरवायची नवी इंजेक्शनं आपल्याकडे मिळू लागली आहेत, आणि तीही घेणाऱ्या जणी ‘साखर सोडली’ म्हणून सांगताना मी ऐकते. परत तोच खेळ.

वहिनी पंधरा दिवसांनी आली. म्हणाली, ‘ताई, तो वजनाचा आणि उंचीचा हिशेब कसा करायचा?’ मुलीच्या वहीत मांडला. ६८ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. उत्तर २९च्या आसपास. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. तिला ऑपरेशनची गरजच नव्हती. मी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ आणि थायरॉइड बिघडलेलं. आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते, दोन वेळा जेवते. वजन फारसं उतरलेलं नाही. चक्कर थांबली.

गेल्या महिन्यात भिशी होती. नवीन आलेल्या एकीने माझ्याकडे बघून विचारलं, ‘तुम्ही काय करता हो?’ वहिनी माझ्यासमोरच बसली होती. मी हातातली बशी खाली ठेवली आणि सांगितलं. खोलीत एकदम शांत झालं. पोहे गार होत होते. मग कोपऱ्यातून आमच्या भिशीतल्या सगळ्यात जाडजूड काकूंनी खाकरून विचारलं, ‘टाके किती पडतात गं?’